मग काय झालं?

साथींनो, कवितेची समीक्षा होते, कथेची होते, आत्मकथनांची तर ढिगानं होते. मी आज एका मंत्र्याच्या वाक्याची समीक्षा करणार आहे. वाक्य चार शब्दांचंसुद्धा नाही. पण इतकं गाजलेलं आणि इतकं चुकीचं वाचलं गेलेलं वाक्य मला दुसरं माहीत नाही. विद्यापीठातला प्राध्यापक हे काम करणार नाही, त्याच्या अभ्यासक्रमात मोखाडा नाही. म्हणून गिरणीतल्या माणसानं करायचं.

आधी घटना. २०१६ सालचा पावसाळा. मोखाडा तालुक्यातल्या खोच गावच्या एका पाड्यावर ऑगस्टच्या अखेरीला एक लहान पोर कुपोषणानं गेलं. मी त्याचं नाव लिहीत नाही. तेव्हा सगळ्या पेपरांनी लिहिलं, फोटो छापला, आणि विसरले. पोर जाऊन पंधरवडा उलटल्यावर मंत्री विष्णू सवरा गावात आले. राज्याचे आदिवासी विकास मंत्री तेच, पालघर जिल्ह्याचे पालकमंत्री तेच, आणि जव्हार-मोखाडा ज्या विक्रमगड मतदारसंघात येतात तिथले आमदारही तेच. म्हणजे एका पोराच्या मरणाचा जाब तीन खुर्च्यांना विचारायचा तर तिन्हींवर एकच माणूस. गावकऱ्यांनी आणि श्रमजीवी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी विचारला. इतक्या उशिरा कशाला आलात? जिल्ह्यात सहाशे पोरं गेली, त्याचं काय? त्यावर मंत्र्यांच्या तोंडून जे निघालं ते कॅमेऱ्यात सापडलं. मराठी पेपरात एका तऱ्हेनं छापून आलं, इंग्रजीत दुसऱ्या तऱ्हेनं. मतलब एकच निघतो: मग काय झालं?

झालं. महाराष्ट्र पेटला. म्हणजे टीव्ही पेटला. असंवेदनशील, मुजोर, निर्दय. जेवढी विशेषणं शब्दकोशात होती तेवढी आठ दिवसांत वापरून झाली. विरोधी पक्षाला करुणा आली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं आपणहून दखल घेऊन राज्य सरकारला नोटीस काढली. आठ-पंधरा दिवस खोच गावाला महाराष्ट्राच्या नकाशावर जागा मिळाली.

आणि मंत्री? मंत्री मंत्रीच राहिले. जून २०१९ मध्ये मंत्रिमंडळात बदल झाले तोवर, म्हणजे पुढची पावणेतीन वर्षं.

सवरा डिसेंबर २०२०मध्ये वारले. मेलेल्या माणसावर दगड मारायला मी हे लिहीत नाही. माणूस वाड्याकडचा, स्वतः आदिवासी, १९९०पासून सहा वेळा निवडून आलेला. त्याला पाडे माहीत नव्हते, भूक माहीत नव्हती असं कोण म्हणेल? नेमकं तेच मला अडतं. ज्याला माहीत आहे त्याच्या तोंडून हे वाक्य निघतं कसं? तो वाईट माणूस होता असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पेपरांनी तेच केलं. मीही तेच केलं.

हो, मीही. ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

तेव्हा मला नुकतं अठरावं पुरं झालेलं. दहावीनंतर शाळा सुटलेली, भिवंडीत गिरणीत लागून सहा महिने झालेले. रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत एकाच्या मोबाइलवर आम्ही सात-आठ जणांनी ती क्लिप बघितली. डोकं सणकलं. पहाटे खोलीवर येऊन मी कविता लिहिली. तिचं नावच 'मग काय झालं'. मंत्र्याच्या जिभेला त्यात साप म्हटलं, विंचू म्हटलं, बरंच काय काय म्हटलं. पुढच्या १४ एप्रिलला वस्तीतल्या स्टेजवर म्हणून दाखवली. टाळ्यांनी मंडप उडायचा बाकी राहिला. आयुष्यातल्या पहिल्या टाळ्या, साथींनो. त्यांची चव अजून जिभेवर आहे.

दोन दिवसांनी तीच कविता मी शेजारच्या मागावरच्या पोराला वाचून दाखवली. तो खोडाळ्याकडचा. फार बोलणारा नाही. त्यानं पूर्ण ऐकली. मग म्हणाला, "दादा, मंत्री लय आहे यात. पोर कुठं हाय?" मी म्हटलं, सगळी कविता पोरावरच आहे की. तो म्हणाला, "त्या पोराचं वजन किती होतं, ते हाय का?"

नव्हतं. कवितेत नव्हतं आणि मलाही माहीत नव्हतं. क्लिप मी वीसदा बघितली असेल, पण हा प्रश्न एकदाही डोक्यात आला नाही. त्याच्या डोक्यात पहिला आला, कारण त्याच्या घरात अंगणवाडीच्या काट्यावर पोरं चढवलेली आहेत. काटा कुठं थांबला की घरात कसली शांतता पसरते हे त्याला ठाऊक आहे.

त्या दिवशी माझी कविता पडली. ती मी पुन्हा कुठंही म्हटली नाही. आज जाहीरपणे मागं घेतो. कारण ती कविता म्हणजे टीव्हीचीच नक्कल होती, फक्त मुक्तछंदात. टीव्हीनं मंत्र्याची जीभ धरली, मीही जीभच धरली. पोर दोघांच्याही हातून सुटलं.

माझा मुद्दा हाच आहे. पुढारी लोकमत कसं फिरवतो? आपल्याला वाटतं भाषण करून, पैसे वाटून, बॅनर लावून. ते सगळं खरंच. पण त्याची सगळ्यात मोठी ताकद ही की प्रश्न कोणता हे तो ठरवतो. आणि तो चुकला तरी ठरवतो! त्यानं वाकडं बोलायचा अवकाश, अख्खा महाराष्ट्र त्याच्या बोलण्यावर बोलायला लागतो. सहाशे पोरं हा विषय राहत नाही, सहाशे पोरांबद्दल मंत्री काय म्हणाले हा विषय होतो. मग मंत्र्यानं शब्द मागं घेतला, दिलगिरी व्यक्त केली किंवा विपर्यास झाला म्हणून सांगितलं, की प्रकरण मिटतं. शब्दाचा हिशेब शब्दानं फिटतो. अन्नाचा हिशेब कुणी मागितलेलाच नसतो.

मागायला काय काय होतं बघा. पहिलं म्हणजे तो सहाशेचा आकडा. कार्यकर्ते म्हणतात कुपोषण. सरकारी कागद म्हणतो न्यूमोनिया, जुलाब, ताप, जन्मतःच कमी वजन. दोघंही एकाच पोराबद्दल बोलतात. उपाशी शरीराला साधा जुलाबही झेपत नाही, पण कागदावर शेवटचा आजार चढतो, आधीची भूक चढत नाही. त्यामुळं सरकार दर वेळी छातीठोकपणे सांगू शकतं की कुपोषणानं मेलेलं पोर जवळजवळ नाहीच. मंत्र्याच्या तीन शब्दांपेक्षा हे जास्त भयंकर वाक्य आहे. पण ते गुळगुळीत आहे, छापील आहे, त्याची क्लिप निघत नाही.

दुसरं, पैसा. २०१५-१६च्या केंद्राच्या अंदाजपत्रकात अंगणवाड्या जिच्यावर चालतात त्या एकात्मिक बाल विकास योजनेची मूळ तरतूद आदल्या वर्षाच्या निम्म्याखाली आणली होती. राज्यांना करातला वाटा ३२ टक्क्यांचा ४२ केला, आता तुमचं तुम्ही बघा, असा युक्तिवाद. ओरड झाल्यावर पुरवणीत भर घातली. पण अंदाजपत्रकातली तारीख पुढं सरकते तशी दोन वर्षांच्या पोराची भूक पुढं सरकत नाही. जिथं तीव्र कुपोषित पोरांना दिवसातून अनेकदा थोडं थोडं खायला घालून वर काढायचं, ती ग्राम बाल विकास केंद्रं त्या काळात बंद पडली होती. कुणाच्या सहीनं? कुठल्या तारखेला? या सहीवर अग्रलेख झाला का? मीही सहीवर कविता केली नाही. सहीत नाट्य नाही ना!

तिसरं, काम. मोखाड्यातली माणसं दिवाळी झाली की उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. भिवंडी, कल्याण, वसई. बायको-पोरं बरोबर. भट्टीवर अंगणवाडी नाही, गावच्या अंगणवाडीत पोर हजर नाही. पावसाच्या तोंडाला परत येतात तेव्हा उचल फिटलेली असते किंवा नसते, नागली-वरई संपलेली असते, नवं पीक अजून चिखलात असतं. आषाढ-श्रावण हे मरणाचे महिने. हे काही गुपित नाही. दर वर्षी त्याच महिन्यात तीच पोरं मरतात, आणि दर वर्षी सरकारला धक्का बसतो.

धक्क्याचा इतिहासही जुना आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला शंभरावर पोरं गेली. तेव्हा मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक होते, दिल्लीतही काँग्रेसच होती. म्हणजे एकाच पक्षाला शिव्या घालून सुटका नाही. तेव्हाही गाड्या आल्या, पत्रकार आले, घोषणा झाल्या. जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्याचं कार्यालय मिळालं. पुढं १ ऑगस्ट २०१४ला ठाणे तोडून पालघर जिल्हा झाला, तो कशासाठी, तर सरकार आदिवासींच्या जवळ यावं म्हणून. दोन वर्षांत खोच. वावर-वांगणीपासून खोचपर्यंत चोवीस वर्षं. कार्यालय जवळ आलं, काटा तिथंच राहिला.

आता नावाचं एक गंमतीचं प्रकरण बघा. मोखाड्याच्या अंगावर मध्य वैतरणा धरण आहे. २०१४ साली पुरं झालं. पाणी मुंबईला जातं. धरणाला बाळासाहेब ठाकऱ्यांचं नाव आहे. वैतरणेच्या काठावरच्या तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यापाड्याला टँकरची वाट बघतात, ते सोडा. मी नावाबद्दल बोलतो आहे. धरणाला पुढाऱ्याचं नाव लागतं, रस्त्याला लागतं, योजनेला लागतं, एसटी स्टँडच्या मुतारीवर आमदार निधीची पाटी लागते. मग बंद पडलेल्या केंद्राला नाव का लागत नाही? 'अमुक साहेबांच्या कार्यकाळात बंद' अशी एक पाटी दाखवा मला अख्ख्या जिल्ह्यात. श्रेयाला नाव आहे, दोष निनावी आहे. पुढाऱ्याचं मोठेपण यावर उभं असतं. समीक्षकाचं काम एवढंच की निनावी मजकुराचा लेखक शोधायचा.

मग तो आधीचा सवाल. पाडे माहीत असलेला आदिवासी माणूस मंत्री झाल्यावर असं का बोलतो? याचं उत्तर बाबासाहेबांनी फार आधी देऊन ठेवलंय. १९३२च्या पुणे करारानं आपल्याला राखीव जागा मिळाल्या, पण निवडून देणारा हात आपला एकट्याचा राहिला नाही. तिकीट पक्षाचं, पैसा पक्षाचा, मग जीभही पक्षाची. आपल्या राखीव आमदाराचं जे झालं तेच आदिवासींच्या राखीव आमदाराचं झालं. जागा राखीव, माणूस राखीव, जबाबदारी मात्र खुली. खोचच्या आईनं त्यांना मंत्री केलं नव्हतं. ज्यांनी केलं त्यांना उत्तर द्यायचं म्हणून मंत्री योजनांची यादी वाचत होता. त्या यादीच्या मध्ये सहाशे पोरं आली. वाक्याची चीड नंतर, आधी ही रचना समजून घ्या. आपल्या घरातल्या साहेबांनाही ती लागू आहे.

घरातल्या म्हटलं की आपण गप्प होतो. २०१६ साल आठवा. जूनच्या २५ तारखेच्या रात्री दादरचं आंबेडकर भवन पाडलं. जुलैत उना झालं. १९ जुलैला मुंबईत आपला प्रचंड मोर्चा निघाला. त्याच जुलैत आपल्यातले एक नेते दिल्लीत राज्यमंत्री झाले, कुणी फटाके लावले, कुणी शिव्या घातल्या. ऑगस्टपासून मराठ्यांचे मूक मोर्चे सुरू झाले, अॅट्रॉसिटी कायद्यात बदल करा ही त्यांची एक मागणी. आपण त्या कायद्याच्या राखणीला उभे राहिलो, राहायलाच पाहिजे होतं. पण खोचच्या पाड्यावर आपल्यातले किती जण गेले? निळा झेंडा मोखाड्यात गेला का? आपण क्लिप फॉरवर्ड केली. मी कविता केली. आदिवासींचं पोर मेलं की ते आदिवासींच्या संघटनेचं काम, अशी वाटणी आपण कधी केली? जातीनं केलेली वाटणी आपण चळवळीत जशीच्या तशी ठेवली, हे आपलं पाप आहे. प्रस्थापितांच्या नावानं बोंबलून ते धुतलं जाणार नाही.

१८ जानेवारी १९४३ला पुण्यात रानड्यांच्या जयंतीला बाबासाहेबांनी भाषण केलं. गांधी आणि जीना, देशातले दोन सगळ्यात मोठे पुढारी, दोघांनाही त्यांनी सोडलं नाही. वर्तमानपत्रांनाही नाही. पेपरवाले माणसं मोठी करायचा धंदा करतात, हा त्यांचा आरोप होता. आदर वेगळा आणि स्वतःची अक्कल गहाण टाकणं वेगळं, हा फरक त्यांनी सांगितला. २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत पुन्हा बजावलं की राजकारणातली भक्ती माणसाला अधोगतीला आणि देशाला हुकूमशाहीला नेते. हे आपण जयंतीला ऐकतो आणि त्याच स्टेजवर साहेबांच्या पायाला हात लावतो.

पण भक्तीची एक उलटी जात आहे, ती आपण ओळखत नाही. शिव्या घालणारी भक्ती. सकाळ-संध्याकाळ पुढाऱ्याचंच तोंड बघायचं, त्याचंच वाक्य चघळायचं, त्याच्यावरच कविता करायची. फुलं वाहा नाहीतर चपला मारा, देव्हाऱ्यात मूर्ती तीच. माझी मागं घेतलेली कविता या जातीची होती.

मतदारांनी काय केलं तेही नोंदवू. २०१९ साली विक्रमगडमध्ये सवरांचे चिरंजीव डॉ. हेमंत सवरा भाजपकडून उभे राहिले आणि राष्ट्रवादीच्या सुनील भुसारांकडून हरले. बरेच जण म्हणाले, बघा, लोकांनी हिशेब केला. २०२४ला तेच डॉ. सवरा पालघरचे खासदार झाले. बापाच्या वाक्याचं बिल मुलाच्या नावानं फाडावं असं मी म्हणत नाही, ते अन्यायाचं होईल. मी एवढंच म्हणतो की मतपेटी हा काटा फार ढोबळ आहे. पाच वर्षांनी एकदा वजन करतो आणि कुणाचं ते सांगत नाही.

मग बारीक काटा कुठला? आहे. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतले. बाबासाहेबांच्या घटनेनं इथली खास जबाबदारी राज्यपालावर टाकलीय, या भागाच्या कारभाराचा अहवाल त्यानं राष्ट्रपतीला द्यायचा असतो. २०१६ला आपण मंत्र्याच्या नावानं ओरडलो, राज्यपालाच्या अहवालाची प्रत किती जणांनी मागितली? माहितीचा अधिकार २००५पासून आहे. पेसा कायदा १९९६चा, महाराष्ट्रानं त्याचे नियम २०१४ला केले, पाड्याचीसुद्धा ग्रामसभा होऊ शकते. अंगणवाडीत महिन्याला पोरांची वजनं होतात, वहीत लिहिली जातात. ती वही ग्रामसभेत मोठ्यानं वाचली जावी. कुणाचं पोर मागच्या महिन्यापेक्षा हलकं झालं, आहार आला की नाही, नसेल तर कुणाच्या टेबलावर अडला, हे त्या पोराच्या आईच्या तोंडून, सगळ्यांसमोर, दर महिन्याला. पोर मेल्यावर नाही, पोर जिवंत असताना. पुढारी गावात आला तर त्याला भाषणाला उभं करायचं नाही. बसवायचं आणि वही वाचायची. त्यानं काही बोलायची गरजच नाही. त्याची जीभ हा विषयच नाही.

तुम्ही म्हणाल, यात विद्रोह कुठाय? साथींनो, वही वाचणं टाळ्या देत नाही, हे खरं. त्यात साप नाही, विंचू नाही. पण मंत्री कॅमेऱ्याला घाबरत नाही, कॅमेरा आठ दिवसांत निघून जातो हे त्याला ठाऊक आहे. दर महिन्याला वाचली जाणारी वही कुठं जात नाही. आणि ही सवय एकदा लागली की आपल्या साहेबांनाही बसवून त्यांच्या कारभाराची वही वाचता येईल. तिथं कोण कोण उठून जातं ते बघू.

आपल्यातली शिकलेली पोरं जव्हार-मोखाड्याला धबधबे बघायला जातात. दाभोस्याला फोटो काढतात. जा, पण पुढच्या आषाढात एका पाड्यावर मुक्काम करा. भाषण करू नका, झेंडाही गुंडाळून ठेवा. वही मागा, आणि वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवा. आपल्या बापजाद्यांनी लाचारीचा जोहार टाकून जय भीम घेतला. आदिवासी एकमेकांना घालतात तो जोहार वेगळा, तो ताठ मानेचा आहे. त्या जोहाराला आपला जय भीम अजून नीट भेटलेला नाही.

खोडाळ्याचं ते पोर आता गिरणीत नाही. गावाकडं गेलं. माझी नवी कविता अजून झाली नाही. झाली तर पहिल्या ओळीत वजन असेल, किलो आणि ग्रॅममध्ये.

जय भीम. जोहार.